लेक आर्किटेक्ट झाली

आज निकाल लागला. बी.आर्क.ची पाच वर्षं संपली. थिसिसच्या दिवसांत घरभर पुठ्ठ्यांचे तुकडे, फेविकॉल, रात्री तीनला चहा. फीचं तर विचारूच नका. १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्यावरच तिला आर्किटेक्ट म्हणवून घेता येईल. मी मात्र सकाळपासून सोसायटीभर सांगत सुटलोय. बापाला कुठला कायदा!

परवा पेडर रोडवरून जाताना तिने चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत दाखवली. कोपऱ्यांतल्या त्या दुमजली उंचीच्या गच्च्या म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच, ऊन-पाऊस आधी तिथे अडतो, म्हणाली. समजावताना हात कसे हलत होते तिचे!

आता म्हणते, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी चुकीच्या भिंतीत आहे. बिल्डरला तूच सांग म्हटलं.