कपाळावरचा लेप

मंडी मोहल्ला दुपारीसुद्धा डोळा मिटत नाही. अशोका रोडच्या सराफी दुकानांकडून हातगाड्या येतात, आयर्विन रोडच्या बाजूने टेम्पो घुसतात, मशिदीत अजान होते, थोड्या अंतरावर सेंट फिलोमिनाच्या घंटा वाजतात. वासांचं तर विचारूच नका. कॉफी भाजून देणाऱ्या दुकानाचा कडसर वास, टोपलीतल्या मल्लिगेचा, घरोघरी वळल्या जाणाऱ्या उदबत्त्यांच्या मसाल्याचा आणि पुढच्याच वळणावर तळणीच्या तेलाचा. म्हैसूर आवडतं ते बरंचसं या वासांमुळे. पण अर्धशिशी चढलेल्या बाईला ऊन, आवाज आणि वास तिन्ही एकदम सोसवेनासे होतात, आणि या मोहल्ल्यात त्यांना दाराबाहेर थोपवणं सोपं नाही.

माझी मावशी याच मोहल्ल्यात संसाराला लागली. काका विट्याकडचे, गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून ही मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. जिथे सराफकट्टा तिथे गलाईचं एखादं मराठी दुकान, असा त्यांचा पसारा. काकांची भट्टी खाली आणि बिऱ्हाड वर. मुशीतून सोनं ओततानाची झगझग, भात्याची घरघर, कपड्यांना चिकटून वर येणारा तेजाबाचा वास. मावशीचं डोकं मात्र भट्टीने दुखायला लागलं नव्हतं, ते दुखणं तिने माहेरून आणलं होतं. आजीला होतं, मावशीला होतं, आता मला आहे. अर्धशिशी घराण्यात उतरते. पुरुषांच्या सुमारे तिप्पट बायकांना ती गाठते, आणि पाळीच्या दिवसांत तिचा जोर वाढतो. बंगळूरच्या आसपास केलेली एक मोठी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेली माणसं दर चौघांत एक निघाली. म्हणजे मोहल्ल्यातल्या कुठल्याही जिन्यावर उभं राहिलं, तरी एखाद्या दाराआड हे दुखणं असणारच.

सुट्टीत आम्ही मुलं म्हैसूरला गेलो की घरात अचानक एक दिवस असा उगवायचा. मावशी सकाळपासून गप्प असायची, जांभया द्यायची, मान चोळायची. मग म्हणायची, "डोळ्यांपुढं रेघ आली गं." चकाकणारी, नागमोडी रेघ. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात डाव्या भुवईत ठणका सुरू. मग सहाण खाली यायची.

सुंठीचा लेप मी तिच्याकडून शिकले. सुंठीचं कुडं चांगलं वाळलेलं, जड हवं, किडकं नको. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि कुडं गोल गोल फिरवत राहायचं. घाईत उगाळलं तर नुसतं पिवळट पाणी सुटतं. सावकाश उगाळलं की दाट, मऊ गंध जमतं. ते लोखंडी पळीत घेऊन मंद आचेवर कोमट करायचं आणि बोटाने भुवईच्या वर, कानशिलापर्यंत पसरायचं. डोळ्यात ओघळू द्यायचं नाही. आधी काहीच वाटत नाही. थोड्या वेळाने कातडीला चुणचुण लागते, मग ऊब, मग बारीकशी आग. लेप वाळत जातो तशी कपाळाची कातडी आखडते, केसांच्या रेषेशी बारीक चिरा पडतात, आणि आतल्या ठणक्यावरचं लक्ष या बाहेरच्या ओढीकडे वळतं.

या आगीला कारण आहे. सुंठीतले तिखट घटक कातडीतल्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या ग्राहकांना चेतवतात. कपाळाची आणि चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेते ती ट्रायजेमिनल नस, आणि अर्धशिशीच्या वेदनेचं कामही त्याच नसेच्या जाळ्यातून चालतं. सुंठ पोटात घेण्याचा तर रीतसर अभ्यासही झाला आहे. इराणमध्ये शंभर रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. सुमाट्रिप्टान या अर्धशिशीच्या नामांकित औषधाच्या तोडीचा उतार सुंठीच्या पुडीनेही दोन तासांत पडल्याचं तीत दिसलं. एका चाचणीवरून औषधं फेकून द्यायची नसतात, पण आजीच्या सहाणेकडे आदराने बघायला तेवढी पुरे आहे. शिवाय अर्धशिशीत मळमळ होते, उलट्या होतात, आणि तिथेही सुंठ कामाला येते.

तरी या लेपाचा सगळ्यात मोठा गुण मला फार उशिरा, माझं स्वतःचं डोकं ठणकायला लागल्यावर कळला. लेप दिसतो. अर्धशिशीला ताप नसतो, सूज नसते, जखम नसते. माणूस भिंतीला टेकून बसलेलं असतं आणि घराला वाटतं, नुसतंच बसलंय. मावशीच्या कपाळावर तो मातकट पट्टा चढला की न सांगता सगळ्यांना कळायचं. काका भात्यावरच्या पोऱ्याला थांबवायचे. आम्ही मुलं जिन्यात जायचो. कोणी तिला "भाकरी झाल्या का" म्हणून विचारत नसे. न दिसणाऱ्या वेदनेला त्या लेपाने दिसणारं रूप दिलेलं असायचं.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचे उपायही वेगळे दिसायला लागतात. सूर्योदयाआधी गरम जिलेबी दुधाशी खायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. कोणी जिलेबी सांगतं, कोणी खवा, कोणी पेढा, पण वेळ सगळ्यांची एकच, दिवस उगवायच्या आत. आयुर्वेदात अर्धावभेदकाबरोबर, म्हणजे अर्धशिशीबरोबर, सूर्यावर्ताचंही वर्णन आहे. सूर्य चढतो तसं चढणारं आणि उतरतो तसं उतरणारं ते डोक्याचं दुखणं. त्या दुखण्याला उन्हाच्या आधी गाठायचं, अशी ही कल्पना. जिलेबीत औषध किती, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. रिकामं पोट अर्धशिशीला आमंत्रण देतं, हे मात्र डॉक्टरही सांगतात. मावशीचा दिवस कसा होता ते मी पाहिलं आहे. पहाटे पाणी भरणं, डबे, भट्टीवरच्या माणसांचा चहा, आणि तिच्या तोंडात पहिला घास दुपारी. संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत तोही नाही. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला सगळ्यांच्या आधी, ताजं आणि गोड खायला घालणारा हा उपाय आहे. काका पहाटे हलवायाच्या दारात उभे राहायचे, कढईतून निघालेली पहिली जिलेबी आणायचे आणि तिच्यासमोर बसून ती संपेपर्यंत उठायचे नाहीत.

शेजारी एक दक्खनी बोलणारी खाला राहायची. मावशीचं कन्नड कामापुरतं, खालाचं मराठी जेमतेम, पण दक्खनीतून दोघींचं सगळं भागायचं. खाला दारातूनच विचारायची, "आधासीसी क्या? अंधेरा करो पहले. बच्च्यांकू मेरे घर भेजो." मग ती खिडकीवर जाड चादर अडकवायची, ओढणीची पट्टी करून मावशीच्या डोक्याला करकचून बांधायची आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायला लावायची. त्या दिवशी आमच्या जिन्यावर उदबत्ती लागत नसे. खालाच्या घरी मसाला वळायचं काम असलं तर ती पाट उचलून मागच्या दाराशी नेऊन बसायची. मजुरी नगावर मिळायची, आणि हलवाहलव म्हणजे तेवढी मजुरी कमी. तरी ती उठायची.

अंधाराचं महत्त्व खालाला जे अनुभवाने कळलं होतं, ते प्रयोगशाळेत पुढे उलगडलं. बोस्टनच्या रामी बर्स्टाइन यांच्या गटाने २०१० साली दाखवलं की ज्या अंध रुग्णांना वस्तू दिसत नाहीत पण उजेडाची जाणीव शिल्लक आहे, त्यांचंही अर्धशिशीचं दुखणं उजेडाने वाढतं. म्हणजे डोळ्यातून निघालेली प्रकाशाची खबर वेदना वाहणाऱ्या पेशींपर्यंत स्वतंत्र वाटेने पोहोचते. "थोडा उजेड राहू दे, त्याने काय होतंय" असं म्हणणाऱ्याला हे सांगितलं पाहिजे. होतं, खरंच होतं.

मावशीच्या फडताळात पिवळ्या अमृतांजनाची बाटलीही असायची. काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केलेला हा बाम पुढे साऱ्या दक्षिणेच्या घराघरात गेला. बाममधल्या मेंथॉलने कपाळाला थंड वाटतं, कारण तो कातडीतल्या थंडीच्या ग्राहकाला जागं करतो. २०११ साली अर्धशिशीशी नातं असलेल्या जनुकीय जागा शोधल्या गेल्या, तेव्हा त्यांत याच ग्राहकाच्या जनुकाची जागा निघाली. चंदनही घरात होतं. म्हैसूरला १९१६ साली सरकारी चंदनतेलाचा कारखाना उभा राहिला, त्या गावात चंदनाला काय तोटा! पण मावशीला ऐन ठणक्यात चंदन चालत नसे, वासानेच उलटी यायची. मला चंदन चालतं, बाम चालत नाही. ज्याचं डोकं त्याचं औषध, म्हणून लेप लावण्याआधी "हा वास चालेल ना?" एवढं विचारावं.

न्हाण्याचंही तसंच. ओल्या केसांनी डोकं चढतं, असं मावशी म्हणायची आणि शुक्रवारचं न्हाणं उन्हात केस वाळेपर्यंत जपून करायची. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली, ती नेमकी याच गोष्टीची, डोक्यावरून न्हाल्याने उठणाऱ्या अर्धशिशीची. लांब, दाट केस आणि घाईची सकाळ असलेल्या आपल्या बायकांचं गाऱ्हाणं तिथे शास्त्राच्या पानावर आलं.

घरातल्या उपायांच्या पलीकडे मोहल्ल्यात दोन्ही दारं हाकेच्या अंतरावर होती. सयाजीराव रोडवर १९०८ पासूनचं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, मोहल्ल्यातच १९०६ पासूनचं मिशन हॉस्पिटल. मावशी वैद्यांकडून नस्य शिकून आली. सकाळी मान मागे टाकून कोमट गाईच्या तुपाचे थेंब नाकात सोडायचे आणि शांत पडून राहायचं. पुढे डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू झाल्या. दोन्हींचं तिच्या घरात भांडण नव्हतं. घरगुती उपायाची हद्द तिला पक्की ठाऊक होती, आणि ती प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं क्षणात फुटेल इतकं दुखलं, दुखण्याबरोबर ताप येऊन मान ताठली, जीभ अडखळली, हात किंवा पाय लुळा पडला, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं धरलं, तर सहाण काढत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून पंधरा दिवस पोटात जायला लागल्या की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. वारंवार येणारी अर्धशिशी टाळायलाही औषधं आहेत. सोसत राहण्यात पुण्य नाही.

आता माझ्या पर्समध्ये गोळी असते. ठणका सुरू झाला की पाण्याबरोबर ती गिळते आणि खुर्चीत बसून राहते. गोळी चांगली आहे, तिने माझ्या कित्येक संध्याकाळी वाचवल्या. पण माझं कपाळ कोरडं असतं. समोरच्याला काहीच दिसत नाही, म्हणून दिव्यांचा झगमगाट तसाच राहतो, बोलणं तसंच चालू राहतं, जेवणाची वेळ तशीच टळते. मावशीला जे न मागता मिळायचं, ते आपल्याला आता शब्दांनी मागावं लागणार आहे. ते मागण्यात कमीपणा नाही, हे माझ्यासारख्या प्रत्येकीला मला सांगायचं आहे. "माझी अर्धशिशी उठली आहे" हे वाक्य घरात, कचेरीत, प्रवासात मोठ्याने म्हणावं.

आणि ज्यांचं डोकं दुखत नाही, त्यांच्यासाठीही या उपायांत काम ठेवलेलं आहे. सुंठ उगाळायला दुसरा हात लागतो. पहाटेची जिलेबी आणायला दुसऱ्याची झोप मोडावी लागते. खोली अंधारी करायची तर बाकीच्यांनी बाहेर जावं लागतं. मंडी मोहल्ल्यातल्या त्या जिन्यावर भात्यावरचा पोऱ्या, काका, खाला आणि आम्ही पोरं, सगळेच तो उपाय घेत होतो. आपल्या घरात कोणाचं डोकं धरलं असेल तर औषधाचं नाव शोधण्याआधी खिडकीचा पडदा ओढा, टीव्ही बंद करा, तिला काहीतरी खायला द्या, आणि तिची कामं न विचारता हाती घ्या. सुंठ त्यानंतर उगाळा. ती जास्त लागू पडेल.