आकडा कुठे लिहावा?

मी पूर्णा तालुक्यातला, आमच्या घरात कॉम्प्युटर शिकलेला पहिलाच. "तू नेमकं काय काम करतोस रे?" असं वस्तीतली वडीलधारी माणसं विचारतात, तेव्हा मी शिष्यवृत्तीचं उदाहरण देतो.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. परमपूज्य बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिला उत्पन्नाची मर्यादा असते. ती आधी दोन लाख होती, २०१३-१४ पासून अडीच लाख झाली.

समजा, अशा अर्जांचा प्रोग्राम लिहायचा आहे. त्यात वेगवेगळी कामं करणारे 'ऑब्जेक्ट' असतात. एक अर्ज तपासतो, दुसरा यादी करतो, तिसरा पत्र छापतो. तिघांच्याही पोटात 'दोन लाख' लिहून ठेवलं आणि मर्यादा वाढल्यावर दोनच ठिकाणी बदललं, तर? सव्वादोन लाख उत्पन्नाचं घर तपासणीत पात्र ठरेल आणि यादीतून गळेल. एका विसरलेल्या आकड्यापायी मुलीचं कॉलेज सुटेल.

म्हणून असे आकडे एकाच जागी, वेगळ्या फाइलीत ठेवावेत. प्रोग्राम सुरू होताना ते एकदा वाचून त्यांचा एक ऑब्जेक्ट करावा आणि ज्याला गरज आहे त्याच्या हाती तो तयार होतानाच द्यावा. बाकीच्यांनी तो वाचावा, बदलू नये. आकड्यासोबत वर्षही लिहावं, म्हणजे जुना अर्ज जुन्याच मर्यादेनं तपासला जाईल. आणि आकडा सापडलाच नाही, तर प्रोग्रामनं तिथेच थांबावं. गुपचूप शून्य धरून चालला, तर सगळेच अर्ज बाद होतील!

ही रीत आपल्याला नवी नाही. घटनेच्या कलम ३४१ मध्ये जातींची नावं नाहीत. ती राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात आहेत. त्यातली धर्माची अट १९५६ साली शिखांसाठी सैल झाली, तर १९९० साली त्यात 'बौद्ध' हा शब्द आला. धम्मदीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षांनी! कलमाला मात्र हात लावावा लागला नाही. शिवाय यादीत कोणाला घ्यायचं वा वगळायचं ते फक्त संसदेनं कायदा करून ठरवावं, हेही त्याच कलमात बजावलेलं आहे.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींनो, नियम आणि आकडा असेच वेगळे ठेवा. मर्यादा पुन्हा वाढेल, तेव्हा एकच ओळ बदलावी लागेल आणि कोणाचं लेकरू यादीबाहेर राहणार नाही.

जयभीम!