पणतीने प्यालेले तेल

कोरी पणती आधी पाण्यात भिजवून ठेवावी, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. तशीच कोरडी लावली, तर वातीच्या आधी तीच तेल पिते. मातीत जिरलेले ते तेल पुन्हा काढून दाखवील, असा बहाद्दर मला अजून भेटायचा आहे!

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, तळाखालच्या चुनखडीत असेच तेल जिरलेले आहे. ‘सागर सम्राट’ने १९७४ च्या फेब्रुवारीत ते शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे हाय’चे तेल निघू लागले. तिथे तेलाचे तळे असेल, अशी आपली कल्पना. प्रत्यक्षात ते असते खडकाच्या बारीक छिद्रांत.

मग हाती किती येणार? हिशेब वाण्याच्या वहीतलाच वाटतो. समजा, शंभर लिटर खडक. त्यात छिद्रे वीस लिटरची. त्यांतला चौथा हिस्सा पाण्याने बळकावलेला, उरले पंधरा. वर येताना तेलात विरघळलेला वायू निघून जातो, तेल आकसते, धरा बारा. त्याचा तिसरा हिस्सा निघाला, तर पदरात चार लिटर!

गोम आहे ती त्या ‘तिसऱ्या हिश्शा’त. चुनखडी मोठी लहरी. कुठे घट्ट, कुठे पोकळ, कुठे चिरा. तेल ढकलायला पाणी सोडावे, तर ते चिरेतून धावत थेट विहिरीत हजर! शिवाय पुष्कळदा ती पाण्यापेक्षा तेलालाच धरून बसते, अगदी कोरड्या पणतीसारखी.

पण सगळीच चुनखडी अशी हट्टी नसते. नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्क येथे १९६९ साली खडूच्या खडकात तेल सापडले. खडू म्हणजे चुनखडीचेच भावंड. शेकडा सुमारे सतरा भाग तेल निघेल, असा आरंभीचा अंदाज. १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडले. खडूने ते शोषले आणि तेल सोडले. आता तोच अंदाज निम्म्याच्या आसपास आहे. खडक तोच, तेल तेच. माणसाची समज वाढली.

उलटही होते. हावरटपणाने उपसले, तर दाब घसरतो, वायू आधी निसटतो आणि घट्ट झालेले तेल खडकातच राहते. तेव्हा अंदाजाचा आकडा बदलला म्हणून तज्ज्ञांना हसू नये. त्या आकड्यात खडकाचा स्वभाव असतो, तसाच उपसणाऱ्याचाही. आणि मागे राहील ते नातवंडांच्या वाट्याचे असते.