परळचं देणं

आमच्या महाविद्यालयात नॅकच्या मूल्यांकनाची फेरी जवळ आली की तिसऱ्या निकषाची फाईल माझ्या टेबलावर येते. तिसरा निकष संशोधनाचा. शोधनिबंध किती, कुठल्या नियतकालिकात, पेटंट किती, अनुदान कुणाला किती. प्रत्येक आकड्यामागे पुरावा, पुराव्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. एवढं करून पाठवलं की माहिती पडताळणाऱ्या डीव्हीव्हीवाल्यांचे प्रश्न सुरू. हे काम मी मन लावून करते, कारण ते नीट झालं नाही तर पुढच्या मुलांचं अनुदान अडतं. पण रकाने भरता भरता जी माणसं मला आठवतात, त्यांतलं एकही त्या रकान्यांत बसत नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीचं राहून गेलं होतं.

मी लालबागची. वडील गिरणीत साचेवाले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘संप मिटला की’ अशी सुरुवात होणारी वाक्यं आमच्या चाळीत पुढे कित्येक वर्षं ऐकू यायची. घर आईच्या खानावळीवर चाललं. तिच्या मेंबरांत केईएमचे दोन-तीन चतुर्थश्रेणी कर्मचारी होते. त्यांतले एक प्रयोगशाळेत अटेंडंट. इस्पितळात सगळ्या वॉर्डबॉयना आणि अटेंडंटना मामा म्हणतात आणि आयांना मावशी, तसे हे सगळ्यांचे मामा. मी एम.एस्सी. झाले आणि औषध कंपन्यांत अर्ज टाकत बसले होते, तेव्हा ताटावरून उठता उठता ते आईला म्हणाले, “वहिनी, पोरीला तेराव्या मजल्यावर पाठवा. तिथे शिकायला मुलं घेतात. मॅडम कडक आहेत, पण वाया घालवणाऱ्या नाहीत.”

मामा जिथे काम करत तो तेरावा मजला म्हणजे केईएमच्या आवारातल्या बहुमजली इमारतीतली इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था. आयसीएमआरने 1957 मध्ये ती ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू केली. मी काम करणार परळला आणि पीएच.डी.ची नोंदणी मुंबई विद्यापीठात, ही या विद्यापीठाची जुनीच रीत. 1857 मध्ये स्थापना झाली तेव्हा ते परीक्षा घेऊन पदव्या देणारं विद्यापीठ होतं. 1919 चा समाजशास्त्र विभाग, 1933 चं माटुंग्याचं यूडीसीटी हे त्याचे स्वतःचे संसार मागाहून थाटले गेले. रोगांवरचं संशोधन मात्र परळच्या मैल-दीड मैलात वाढलं: हाफकिन, केईएम, टाटा. टाटाच्या प्रयोगशाळा उभ्या करणारे डॉ. खानोलकर पुढे 1960 ते 63 या काळात विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांनी आणि डॉ. संघवींनी मुंबईतल्या सहा समाजांची रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणं तपासून 1949 मध्येच निबंध छापला होता. परळला रक्तगटांचा नाद जुना आहे तो असा.

त्या नादातूनच आमच्या मजल्यावरचं दैवत आलं. 1952 च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये दोन पानांचा एक निबंध आला. सेठ जी. एस. मेडिकलचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया, आणि त्यांच्यासोबत लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. विषय असा की काही माणसांचं रक्त तपासावं तर ओ गटाचं दिसतं, कारण पेशींवर ए नाही आणि बी नाही. पण त्यांचाच सीरम ओ गटाच्या पेशींत घालावा तर त्यांच्याही गुठळ्या होतात. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, अशी तेव्हाची पक्की समजूत, आणि या माणसांना नेमकं तेच चालत नव्हतं. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. जगाने त्या गटाला ‘बॉम्बे’ नाव दिलं. शहराचं नाव बदललं तरी गटाचं तेच राहिलं. युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा सापडतो, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. असा निकाल दिसल्यावर ‘अभिकर्मक बिघडला असेल’ म्हणून नळी धुवायला टाकणं सोपं होतं. ती टाकली गेली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या दिवशी मला तो निबंध वाचायला दिला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “यातलं तुला काय करता येईल?” मी काहीतरी मोठं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी पेशी धू.” मग कितीतरी आठवडे मी पेशीच धूत होते. नळीत रक्ताचे थेंब, वर सलाईन, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा सलाईन. तीनदा. शेवटी तळाशी लाल बटण उरतं. ते हलवून पातळ करायचं, एक थेंब टाईलवर, शेजारी सीरमचा थेंब, काडीने मिसळायचं आणि टाईल हळूहळू डोलवत बघत राहायचं. लाल पाणी एकसारखं राहिलं तर काही नाही. रवा पडल्यासारखं दिसू लागलं की गुठळी. प्रत्येक टाईलचा निकाल रजिस्टरमध्ये, शाईने, खाडाखोड न करता. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही. “मला निष्कर्ष नंतर सांग, आधी नोंद दाखव,” हे मॅडमचं रोजचं वाक्य.

एका शनिवारी उपनगरातल्या रक्तपेढीतून नमुना आला. चिठ्ठीवर लिहिलेलं: ओ, क्रॉसमॅच जुळत नाही. मी टाईल लावली, ओच्या पेशींशी काही झालं नाही. साधा ओ, असं लिहिणार तेवढ्यात मागून मामा म्हणाले, “ताई, परत लावा. या पेशी सोमवारच्या आहेत, रंग बघा.” त्यांनी फ्रीजमधून ताज्या पेशी काढून दिल्या. टाईलवर रवा पडला. मग अ‍ॅन्टी-एच लावला. तो युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढतात. नमुन्यातल्या पेशी त्याला हूं की चूं करेनात. बॉम्बे. सोमवारी मॅडमनी रजिस्टर पाहिलं, मामांना बोलावलं आणि त्या ओळीशेजारी त्यांची आद्याक्षरं घालायला लावली. मामा आठवी पास. इंग्रजी आद्याक्षरं त्यांनी दोनदा हवेत गिरवून मग कागदावर काढली.

पुढे निबंध लिहायची वेळ आली. मी त्या मजकुराचे तीन निबंध होतील असा हिशेब केला होता, आणि संख्येने बघितलं तर होतही होते. मॅडमनी ते एकत्र करून एक करायला लावलं. लेखकांच्या यादीत स्वतःचं नाव शेवटी घातलं आणि ऋणनिर्देशात मामांचं, त्यांनी नेमकं काय केलं त्या वाक्यासकट. ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ असल्या गोल वाक्याची त्यांना चीड होती.

देणं परदेशातही आहे. तेव्हा इंटरनेट नव्हतं. ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड उलटून संदर्भ शोधायचे आणि आपल्या ग्रंथालयात नियतकालिक नसेल तर लेखकालाच छापील पोस्टकार्ड पाठवायचं: आपल्या या निबंधाची प्रत मिळावी. महिन्या-दीड महिन्याने लालबागच्या चाळीत परक्या देशाची तिकिटं लावलेलं पाकीट यायचं. एचचं जनुक 1990 मध्ये अमेरिकेत हाती लागलं होतं, त्याचा निबंधही असाच पाकिटातून घरी आला. मला न ओळखणाऱ्या प्राध्यापकांनी स्वतःच्या पदरचं टपाल खर्चून ही पाकिटं धाडली. पोस्टमन तिकिटं मागून न्यायचा आणि मी देत असे.

सगळ्यात मोठं देणं बॉम्बे गटाच्या दात्यांचं. ही माणसं स्वतः अडचणीतली, कारण त्यांना कुणाचंही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेचंच. तरी शस्त्रक्रियेसाठी कुणाला गरज पडली की यादीतला फोन लावायचा आणि माणूस यायचा. एक जण शेवटच्या लोकलने वसईहून आले, रक्त दिलं, फलाटावर पहाट काढली आणि पहिल्या गाडीने कामावर गेले. माझ्या प्रबंधात ते एका क्रमांकाने आहेत. नाव मी सांगणार नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. ती यादी, तिच्यातले फोन क्रमांक, दर वर्षी त्यांची खातरजमा करणारी माणसं, हे माझ्या मते 1952 च्या त्या दोन पानांचं खरं फळ.

आता एनआयआरएफच्या क्रमवारीच्या गणितात विद्यापीठांच्या संशोधनाला शंभरात 30 गुण आहेत. मोजणीला माझा विरोध नाही. न मोजता विद्यापीठं स्वतःला श्रेष्ठ म्हणवून घेत होती, तो काळही मी पाहिलाय. पण पीएच.डी.आधी निबंध छापलाच पाहिजे असा दंडक यूजीसीने केला आणि पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. 2022 मध्ये ती अट काढली. बाजार मात्र उठला नाही. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत त्यातली नावं दिसतात. मी ती बाजूला काढते, मग आमचा आकडा कमी होतो आणि मला बोलणी बसतात. ती मी ऐकून घेते. जे रजिस्टर पाहून शिकले, त्याच्याशी बेइमानी करून गुण मिळवायचे नाहीत, एवढं मॅडमचं माझ्यावर कर्ज आहे.

मामा निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. मॅडमही आता नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या कार्डावर ओ लिहिलं असेल, तर पुढच्या रक्तदान शिबिरात विचारा की सीरमची उलट चाचणी ओच्या पेशींशीही केली आहे का. आणि घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालं, तर सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या. त्यांच्यात प्रत्येकी चारात एक अशी शक्यता असते. सापडलात तर रक्तपेढीच्या यादीत नाव द्या आणि फोन क्रमांक बदलला की आठवणीने कळवा.