ताजमहाल हॉटेलांतील एक दुपार

आमच्या चिंचवडच्या घरीं दुपारीं तीनच्या ठोक्याला चहाचें आधण चढतें. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. परंतु काकूंनीं पहिला घोट घेतल्याखेरीज कोणी कपाला हात लावीत नाहीं. काका पिंपरीच्या टाटांच्या मोटार कारखान्यांत तीस वर्षें नोकरीला होते. "ज्यांचें अन्न आपण खातों, त्यांच्या ताजमहाल हॉटेलांत तुला एकदां चहाला नेईन," असें ते काकूंना नेहमीं म्हणत. तें राहून गेलें. काका निवर्तले. यंदा काकूंना ब्यायशीवें लागलें, तेव्हां तें वचन आपण पुरें करावें, असें मीं व माझ्या पत्नीनें ठरविलें.

अडचण काकूंचीच होती. त्या बाहेरचें पाणीहि सहसा घेत नाहींत. "येतें, पण चहा घेईनच असें नाहीं," या अटीवर त्या निघाल्या. सकाळच्या गाडीनें घाट उतरलों. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे काकूंच्या बोलण्यांतल्या बोरीबंदरावर, टॅक्सी केली आणि अपोलो बंदरास पोंचलों.

समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती घुमटाची इमारत पाहून काकू क्षणभर थबकल्या. जमशेटजी टाटांचें हें हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. समोरची गेट वे ऑफ इंडियाची कमान १९२४ सालची, म्हणजे हॉटेलाहून बरीच धाकटी. हॉटेलाचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन्. मिर्झा यांचा. काम चालूं असतांनाच १९०० सालीं वैद्य वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञानें तें तडीस नेलें. हें ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच माणसानें आंखलेलें घर. मग भ्यायचें कशाला?"

चहाची जागा पहिल्या मजल्यावर आहे. तिला सी लाऊंज म्हणतात. खिडकीपाशीं बसलें कीं, बंदरांतल्या होड्या हातभर अंतरावर डुलतांना दिसतात. मुलगी पाहण्याचे कार्यक्रम येथें पुष्कळ झाले आहेत, असें मीं सांगतांच काकू आजूबाजूच्या टेबलांकडे वधूपरीक्षेच्या नजरेनें पाहूं लागल्या. मांडलेल्या पदार्थांत केक व सँडविचें होतीं, तशी शेवपुरीहि होती. केकांत अंडें असेल या शंकेनें काकूंनीं तो दूर सारला. शेवपुरीकडे मात्र त्यांनीं दोनदां पाहिलें.

चहा आला. किटली, दूध, साखर, गाळणें, सारें वेगवेगळें. काकूंनीं कप उचलला, उजेडांत धरला आणि हळूच विचारलें, "हा कितीजणांच्या ओठांना लागला असेल रे?"

मीं त्यांना पुण्याच्या पंचहौद मिशनची हकीकत सांगितली. १८९० च्या ऑक्टोबरांत तेथें व्याख्यानाला रानडे, टिळक आदि मंडळी गेलीं असतां पुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापवलीं आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषानेंहि त्या कपभर चहापायीं प्रायश्चित्त घेतलें.

काकू हंसल्या. "रानड्यांनींच घेतलें, तर आमची काय कथा! पण मी आतां प्रायश्चित्त मागूं तरी कोणाकडे?"

इतक्यांत वाढणारा तरुण जवळ आला. "आजी, चहा निवेल. दुसरा आणूं?" काकूंनीं त्याचें गांव विचारलें; तो सातारा जिल्ह्यांतला निघाला. तो गेल्यावर मीं २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची आठवण काढली. त्या वेळीं येथील कांहीं नोकरांनीं पाहुण्यांना वांचवितांना प्राण वेंचले; इमारतीचा जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुन्हां उघडला. काकू कांहीं वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पाहुण्यांसाठीं जीव देणारीं माणसें हीं. आणि मी त्यांचा कप उजेडांत धरून पाहतें!" त्यांनीं चहा घेतला. दुसराहि मागितला. शेवपुरीहि झाली.

बिलाचा आंकडा सांगवत नाहीं. तेवढ्यांत आमच्या घरचें महिन्याचें चहा, साखर नि दूध सहज झालें असतें. तरीहि ते पैसे कारणीं लागले, असें मी म्हणतों, तें पुढच्या गोष्टीमुळें.

आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंचा कप वेगळा असे. कान तुटलेला, मोरीच्या कोनाड्यांत पालथा घातलेला. पंचवीस वर्षें त्या त्यांतच चहा पीत. मुंबईहून परतल्यावर दुसऱ्या दिवशीं तीन वाजतां काकूंनीं त्यांना घरच्या फुलाफुलांच्या कपांतून चहा दिला. बाई त्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "माझा कप फुटला का, आजी?"

"फुटला," काकू म्हणाल्या, "आणि आधीं खालीं बैस, उभ्यानें चहा पिऊं नये."

कप फुटला नव्हता. तो काकूंनीं सकाळींच कचऱ्याच्या डब्यांत टाकलेला मीं पाहिला होता. वाचकहो, पंचहौदाची हकीकत मला पाठ होती. रानड्यांवर अन्याय झाला, हें मी चारचौघांत तावातावानें सांगत असें. परंतु त्याच घरांत, त्याच मोरींत, पंचवीस वर्षें पालथा पडलेला कप मला कधीं दिसला नाहीं. तो दिसण्यासाठीं काकूंना दीडशें किलोमीटर जाऊन परक्याच्या हातचा चहा प्यावा लागला.