माळ, ऊस आणि मन

निसर्गाच्या सान्निध्यात मनाला शांती लाभते आणि शहरात ती हरवते, हे विधान आजकाल इतके सर्वमान्य झाले आहे की त्याविषयी शंका घेणारा अरसिक ठरण्याचाच संभव अधिक. शनिवारी सकाळी पुण्याहून नगर रस्त्याला लागणाऱ्या मोटारींची रांग पाहिली की या विधानावर समाजाची केवढी श्रद्धा आहे ते कळते. मोराची चिंचोली गाठावी, चिंचेच्या सावलीत पिठलं-भाकरी खावी, पहाटे मोर पाहावेत आणि रविवारी संध्याकाळी वाघोलीच्या कोंडीत मिळवलेली सारी शांती सांडून घरी परतावे, असा हा क्रम. त्या रांगेत आम्हीही असतो. मात्र आम्ही शिरूर तालुक्यात जातो ते घोड आणि कुकडी या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आमचे घर आहे म्हणून. आणि तेथे अलीकडे आम्हांस जे दिसते त्याचा या सर्वमान्य विधानाशी मेळ बसत नाही.

या श्रद्धेला शास्त्राचा आधार आहे हे आम्ही नाकारीत नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध या विषयात वारंवार सांगितला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग आदी बाबतींत सारख्या अशा रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. निबंध छोटा आहे, पण त्यावर पुढे रुग्णालयांच्या बागांचे एक शास्त्रच उभे राहिले. आमच्या मनात मात्र तो वाचताना एक गावंढळ विचार आला. त्या रुग्णांना त्या झाडांना पाणी द्यायला रात्री दोन वाजता जावे लागत नव्हते.

आमच्या लहानपणी, म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांत, या पट्ट्यात हिरवे असे फार नव्हतेच. नद्यांच्या काठची मळई सोडली की सगळा माळ. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. माळावर कुसळी गवत, तरवड, बोरी, कुठे एखादा हिवर. बाजरी, हुलगा, मटकी. चालताना कुसळे धोतरात रुतत आणि ती वेचीत बसणे हा म्हाताऱ्यांचा उद्योग असे. पण त्या माळावर दिसत असे फार दूरचे. शेजारच्या गावचा मनुष्य येतो आहे हे त्याच्या चालीवरून अर्ध्या कोसावरून ओळखू येई. पाऊस अंगावर येण्याआधी तास-अर्धा तास दिसत राही. राखाडी पडदा एकेक वाडी गिळत येतो आहे, आता तो ओढ्यापाशी आला, आता आपली धावण्याची वेळ. टिटवी ओरडली तर कशाला ओरडली हे मान वळवली की समजे. मन शांत होते की नव्हते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पण माळावर मनाला सतत दचकावे लागत नसे, इतके आम्ही आज सांगू शकतो.

याच पट्ट्यात टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात ती सुप्रसिद्ध कुंडे आहेत. पुराच्या पाण्यात गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या बसाल्टात हजारो वर्षांत रांजण कोरले. तेथे हिरवे पान म्हणून दृष्टीस पडत नाही. नुसता काळा, घासून गुळगुळीत झालेला दगड आणि खाली खोल घुमणारे पाणी. तरीही काठावरच्या मळगंगेचे दर्शन घेऊन आलेली माणसे तेथे येऊन गप्प होतात. हिरव्या रंगाच्या औषधी गुणांवर ज्यांची भिस्त आहे त्यांनी एकदा ती कुंडे अवश्य पाहावीत.

आमच्या आजीला मात्र माळ आवडत नसे. हे येथे नमूद केलेच पाहिजे, कारण माळाचे गोडवे गाणारे आमच्यासारखे लोक बहुधा पगारावर जगणारे असतात. १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली होती. दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांची नावे ती शेवटपर्यंत शिवीसारखी उच्चारीत असे. ज्या विस्तीर्ण दृश्याने आम्हांस मोकळे वाटे त्याच दृश्यात तिला एकच गोष्ट दिसे, कोठेही काहीही उगवलेले नाही. पुढे कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरले, नद्यांवर बंधारे झाले, आणि तिच्या अखेरच्या वर्षांत घरासमोर ऊस उभा राहिला. ती दुपारभर त्या बांधावर बसून राही. तिला कोणी उलरिच यांचा निबंध वाचून दाखवला असता तर तिने तो तत्काळ मान्य केला असता.

म्हणजे एकाच जमिनीकडे पाहून एकाचे मन फुलते आणि दुसऱ्याचे कोमेजते. जे अपल्टन या इंग्रज भूगोलज्ञाने १९७५ मध्ये याविषयी एक सिद्धांत मांडला. मनुष्याला तेच दृश्य सुखावते जेथून त्याला दूरवर दिसते आणि शिवाय जेथे त्याला दडायला जागा असते; आपण पाहावे, पण आपण दिसू नये. ही शिकाऱ्याची आणि शिकार होणाऱ्याची अशी दोघांचीही गरज आहे. हा सिद्धांत वाचताना आम्हांस हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांत उभे पीक हे प्रेमिकांचे दडण्याचे ठिकाण आहे, आणि शेताची कापणी झाली की नायिका खिन्न होते. आपल्याकडे पिकाच्या आडोशाची परंपरा ही अशी गोड आहे. आज आमच्या भागात कापणी झाली, म्हणजे ऊसतोड होऊन फड मोकळा झाला, की घरातल्या बाया सुटकेचा श्वास सोडतात.

कारण उसात बिबट्या आहे. बारा-चौदा महिने उभे राहणारे, माणसाच्या दीडपट उंच, आत पाणी असलेले आणि कडेला कुत्री-शेळ्या असलेले हे पीक बिबट्याला जंगलाइतकेच मानवते. माद्या उसात वितात. तोडीच्या वेळी पिले सापडतात. शिरूरसह जुन्नर, आंबेगाव, खेड हे तालुके ज्या जुन्नर वनविभागात येतात तेथे हा संघर्ष २००१ पासून तीव्र झाला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड आणि जांबूत या आमच्या शेजारच्या गावांत तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि एक शाळकरी मुलगा बिबट्याच्या हल्ल्यांत गेले. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जाळली. नंतर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्याच नोव्हेंबरात पिंपरखेडची माणसे गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना वर्तमानपत्रांतून सर्वांनी पाहिली. पूर्वी असे पट्टे धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असत.

त्या दिवाळीनंतर आम्ही गावी गेलो तेव्हा चुलत्यांना विचारले, "तात्या, रात्री दारं धरायला अजून जाता?"

"जातो की. लाईटच रातची आसती. पर आता मोबाइलवर गाणी लावतो मोठ्यानं. सगळ्या शिवारात गाणी चालू आसत्यात. जत्रा म्हन आता."

अपल्टनच्या भाषेत सांगायचे तर दडायची जागा तीच राहिली, फक्त दडणारा बदलला. आणि दूरवर पाहण्याची सोय दोन्हीकडून गेली. तात्यांच्या घरातून आता पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते घर 'हिरवाईत दडलेले' वाटते व ते तसे म्हणतातही. घरातली नातवंडे संध्याकाळी पाचनंतर अंगणात खेळत नाहीत. सूनबाईंना झोप लागत नाही म्हणून शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. तिची तक्रार कोणत्या सदरात घालायची ते आम्हांस ठाऊक नाही, पण हिरव्या दृश्याच्या अभावाने ती आजारी पडलेली नाही हे नक्की.

आता आजोळची गोष्ट. ते दौंडला, रेल्वेच्या चाळीत. दौंड हे गाव भीमेच्या काठी असले तरी ते खरे रुळांच्या काठी आहे. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून ते जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावीत, आणि आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेला प्रवासी उरलेला प्रवास पाठमोरा करी. (आता कॉर्ड लाइनमुळे कित्येक गाड्यांना हा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही.) चाळीत रात्रभर शंटिंग चाले. डबे एकमेकांवर आदळत गेल्याचा तो आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जाई. कोळशाचा धूर, डांबरी स्लीपरांचा वास, प्लॅटफॉर्मवरच्या घोषणा. शहराचे म्हणून जे जे दोष मानसशास्त्राच्या पुस्तकांत दिले जातात, त्यांपैकी गोंगाट आणि धूर तरी येथे मुबलक होते. आणि आमच्या आयुष्यातली सर्वांत गाढ झोप आम्ही तेथेच घेतली आहे. मामा ड्यूटीवर असत, आणि मामी आवाज ऐकून सांगत, "मद्रास मेल अर्धा तास लेट आहे, म्हणजे तुझा मामा आठाला येईल." त्या आवाजांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला लागत होता. गोंगाट त्रासदायक होतो तो बहुधा त्याचा अर्थ लागत नाही तेव्हा. पुण्यात आमच्या खिडकीखाली वाजणारा प्रत्येक हॉर्न हा असाच अनोळखी मनुष्याने उगाच हाक मारल्यासारखा असतो.

दौंड तालुक्यात पुणे दोन वाटांनी येते. मुठेच्या उजव्या कालव्याने खडकवासल्याचे पाणी येते, आणि मुळा-मुठेच्या पात्रातून पुण्याचे सांडपाणी. रांजणगाव सांडसजवळ ही नदी भीमेला मिळते तेथे उन्हाळ्यात जलपर्णीचा असा गालिचा पसरतो की छायाचित्रात ते कुरण भासावे. तोही हिरवाच. तेथील माणसे नाकाला रुमाल लावून पुलावरून जातात. न्हावऱ्याहून पारगावमार्गे चौफुल्याकडे जाताना मात्र केडगावच्या आसपास गुऱ्हाळांचा वास लागला की आम्ही गाडीची काच खाली करतो. ऊस आम्हांस सर्वस्वी अप्रिय नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसाखाणींनी भोवतालचा प्रदेश पालटला तेव्हा ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने घर न सोडताच घरापासून दुरावल्याच्या दुःखासाठी 'सोलास्टॅल्जिया' हा शब्द घडवला. त्या खोऱ्यातल्या लोकांना निदान दोष देण्यासाठी खाणी होत्या. आमच्याकडे दृश्य पालटले ते आम्हीच मागितलेल्या पाण्याने, आणि त्याच पाण्याने मुलींची लग्ने झाली, मुले इंजिनिअर झाली, घरांवर स्लॅब पडले. अशा वेळी उसाविरुद्ध बोलणे हे आजीच्या खडी फोडलेल्या हातांविरुद्ध बोलणे होते. म्हणून या दुःखाला आमच्या बोलीत शब्द नाही. विचारले तर माणसे बिबट्याविषयी बोलतात, लाईटविषयी बोलतात, उसाच्या दराविषयी बोलतात.

माळ अजून थोडा उरला आहे तो दौंडच्या दक्षिणेला आणि त्याला लागून बारामती तालुक्यात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याला १९९७ मध्ये संरक्षण मिळाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. तेथे चिंकारा आहे, खोकड आहे, क्वचित लांडगा दिसतो. असल्या माळांना सरकारदरबारी वर्षानुवर्षे पडीक म्हटले गेले आणि पडीक म्हणून त्यांवर झाडे लावली गेली. चिंकाऱ्याला उघडे रान लागते, कारण तो पाहून पळतो. आमचे एक स्नेही तेथे आले होते, ते निराश होऊन म्हणाले की येथे पाहण्यासारखे काही नाही. त्या वेळी आमच्यापासून दोनशे पावलांवर तीन चिंकारे उभे होते आणि त्यांना आम्ही दिसत होतो.

या वर्षी तात्यांनी घरासमोरच्या दीड एकरात ऊस घेतला नाही. बाजरी पेरली, आणि तीही ठेंगण्या वाणाची शोधून आणली. दोन्ही मुलांनी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. तोटा किती ते तात्यांना तोंडपाठ आहे. "आंगनातून रस्ता दिसला पायजे," एवढेच ते म्हणाले. पाखरे राखायला आता माणूस मिळत नाही, तेव्हा सूनबाईच गोफण घेऊन माळ्यावर चढते. तिच्या गोळ्या चालूच आहेत. कणसे भरत आली तेव्हा आम्ही चार दिवस तेथे होतो. नातवंडे दिवे लागेपर्यंत बाहेर होती.