बाबांचा रूट

अकोला स्टेशन, पहाट. येऊ नका, ऑटो करून येते, असं मुंबईहून निघतानाच सांगितलेलं असतं. तरी विदर्भ एक्सप्रेस थांबते तेव्हा बाबा माझ्या डब्यासमोर उभे असतात. कानाला मफलर, हातात बॅटरी. गाडी किती मिनिटं लेट झाली ते आधी सांगतात, मी कशी आहे ते नंतर विचारतात. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. यंदा शहात्तरावं लागलं. बॅग त्यांच्या हातात दिली नाही तर चेहरा उतरतो, म्हणून दोघांनी एकेक बंद धरायचा असा तोडगा निघाला आहे.

*

आईबाबा माझ्याकडे हॅम्बुर्गला एकदाच आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. मी त्यांना बंदर दाखवलं, मोठमोठी चर्चं दाखवली. बाबांच्या डोक्यात राहिली ती कंडक्टर नसलेली बस. पहिल्या दिवशी ते मधल्या दाराशी उभे राहून चढणारी माणसं मोजत होते. घरी आल्यावर विचारलं, "मंग म्हतारं मानूस उतरलं का नाही, हे कोन पाह्यते?" मला उत्तर देता आलं नाही. ड्रायव्हर आरशात बघतो, एवढंच सांगितलं.

आईला तिथं तीन महिने बोलायला मी एकटी. मी कामावर गेले की तेवढंही नाही.

तेव्हाच ठरवलं, की त्यांना तिकडे नेण्यापेक्षा दरवर्षी आपण यायचं आणि इथंच सोबत फिरायचं. माझं सगळं लहानपण अकोल्यात गेलं, पण वऱ्हाड मी पाहिलेलं नव्हतं. शाळेची एक सहल शेगावला, एक चिखलदऱ्याला, संपलं. आईनं तर माहेर आणि सासर सोडून काहीच नाही. बाबांनी या सगळ्या गावांची तिकिटं फाडली, पण स्टँडच्या पलीकडे गेले नाहीत.

*

यंदा भाऊही मस्कतहून आठ दिवसांसाठी आला. त्यानं मोबाइलवर यादी करून आणली होती : एका दिवसात तीन ठिकाणं, प्रत्येकी दीड तास. बाबांनी ती कागदावर उतरवून घ्यायला लावली, शांतपणे वाचली आणि अर्ध्या ओळी खोडल्या. "तुमाले काय पाह्याचं हाय थे तुमी सांगा. टायम मी सांगतो."

आमच्यासारख्या, बाहेरून येणाऱ्या मुलांना हे मनापासून सांगावंसं वाटतं. दिवसाला एकच जागा धरा. दुपारचं जेवण आणि त्यानंतरची तासभर आडवं होण्याची सोय आधी बघा, मग बाकीचं. आईला स्वच्छ संडास कुठं मिळेल याची चौकशी आपण करायची, तिला विचारायला लावायचं नाही. आणि पैसे कुणी द्यायचे यावर तिकीट-खिडकीपुढे हुज्जत घालायची नाही. निदान एका ठिकाणी तरी बाबांना देऊ द्यायचे.

*

बाळापूर जवळ, म्हणून पहिलं. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी विटांचा भक्कम किल्ला. अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं तो १७५७ मध्ये पुरा केला. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री नदीकाठी. ऊन चढायच्या आत परत.

येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर. आईनं गाडी थांबवायला लावली, एका बाईकडून ओंजळभर शेंगा मागून घेतल्या. रात्री सोल्याची भाजी.

*

लोणारला आम्ही एसटीनंच गेलो. बाबांचा तसा आग्रह होता. पातूर, मालेगाव, मेहकर करत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टर पोरगी होती, विशीबाविशीची. तिनं मशिनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते नीट वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तिला विचारलं, "बाई, ड्युटी किती वाजल्यापासून?" मग मेहकर येईपर्यंत दोघांचं बोलणं चाललं होतं. पूर्वी तिकिटांची पेटी असे, दर वेगळा तसा गठ्ठा वेगळा, शेवटी वेबिल जुळवायचं, एक रुपया कमी भरला तरी खिशातून घालायचा. ती मन लावून ऐकत होती. उतरताना तिनं बाबांचा हात धरला, ते पायरीवरून खाली येईपर्यंत घंटी दिली नाही.

*

लोणारची आणखी एक गोष्ट. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारेपणा वाढला की त्यात तांबूस रंगाचे सूक्ष्मजीव माजतात, त्यांचा तो रंग. त्याच वर्षी तळ्याला रामसरचा दर्जा मिळाला. तेव्हा विमानं बंद होती. आई टीव्हीसमोर मोबाइल धरून मला ते पाणी दाखवत होती : "पाह्य, आपलं लोणार." तोवर तिनं लोणार पाहिलेलं नव्हतं.

आता ती काठावर उभी होती. काळ्या दगडात उल्का आदळून झालेला, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा, आणि तळाशी हिरवट पाणी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे टीव्हीत मावतच नाही." गोमुखाच्या धारेपर्यंत उतरली, पाणी डोळ्यांना लावलं. तिथून खाली मी एकटी गेले.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात आत काळोख. लवणासुरावर उभा विष्णू आणि वर कोरलेलं छत, दिसेना काहीच. बाबांनी पिशवीतून बॅटरी काढली. उजेडाचा गोळा छतावरून सावकाश फिरवत राहिले, आणि तिथं आलेल्या दुसऱ्या दोन घरांतली माणसंही आमच्यामागे येऊन मान वर करून उभी राहिली.

*

शेगाव. गजानन महाराजांच्या समाधीला १९१० पासून आजपर्यंत किती पावलं लागली असतील. इथं आईला काही दाखवावं लागत नाही. तीच आम्हाला घेऊन फिरते. रांगेत कुठं वळायचं, प्रसादाला कुठून जायचं, सगळं तिला पाठ. सेवेकरी तिला माउली म्हणतात, ती त्यांना माउली म्हणते. स्टेशनवरची कचोरी भावानं चार खाल्ल्या.

*

नरनाळ्याबद्दल जास्त लिहायचं आहे.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला शहानूर. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून वर जावं लागतं, कारण किल्ला आता अभयारण्यात आहे. अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या सरकारांमध्ये नरनाळ्याची नोंद केली आहे, एवढी ही जागा मोठी होती. आत महाकाली दरवाजा. फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कनं १४८७ साली बांधलेला. कमानीवर दगडात उमललेली कमळं, पानासारखी वळलेली अरबी अक्षरं, बाजूला जाळ्यांचे सज्जे. दगडाचा रंग उन्हात मधासारखा होतो. एवढं नाजूक काम एवढ्या रानात बघून मी बाबांकडे वळले. ते दरवाजाकडे बघत नव्हते, खाली पायथ्याकडे बघत होते.

या भागात ते मुक्कामी गाडी घेऊन येत. संध्याकाळी शेवटची फेरी, रात्री गावात, सकाळी तीच गाडी परत. किल्ला डोक्यावर होता. मी विचारलं, कधीच वर आला नाहीत? "कोन जाते वर? सकाऊन सव्वासहाची गाडी राहे. मी किल्ला पाहू का गाडी झाडू?"

मग त्यांचं त्यांनीच सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ते आणि ड्रायव्हर गाडीच्या टपावर झोपत. पैशांची पिशवी उशाला, तिचा बंद मनगटाला बांधलेला. एका रात्री अस्वल गाडीभोवती फिरलं, चाकाशी हुंगत राहिलं. दोघं श्वास धरून पडले होते. पहाटे पोराला दवाखान्यात न्यायला एक कोरकू बाई आली, तिच्याजवळ तिकिटापुरते पैसे नव्हते. बाबांनी स्वतःचे घातले. "पोरगं वाचलं. दोन महिन्यानं तिनं मोहाची फुलं आनून देल्ली. तुमी खाल्ली हायत थे."

आई दगडावर बसली होती. ती म्हणाली, "अस्वलाचं तुमी कदीच सांगतलं नाही."

"सांगून तू काय केलं असतं?"

"जागी राह्यली असती," आई म्हणाली. "तशीही जागीच राहो मी. मुक्कामाच्या रात्री मी दाराले पाटा लावून झोपो, दोन्ही लेकरं दोन बाजूले."

आता न सांगण्याची पाळी आईची निघाली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तो पाटा मला आठवतो. दार बसत नाही म्हणून तो लावतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

खाली उतरताना नाक्यावरची पावती बाबांच्या हातात होती. त्यांनी तिचा कोपरा अंगठ्याच्या नखानं जरासा फाडला आणि घडी घालून खिशात ठेवली.

*

चिखलदरा, १,११८ मीटर. कॉफीची झाडं, थंडी, धुकं, आणि भीमानं कीचकाला मारून दरीत टाकल्याची कथा. शेजारचा गाविलगड किल्ला याच महिन्यात पडला, १५ डिसेंबर १८०३ ला. आर्थर वेलस्लीची फौज त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून इकडे वळली होती. भाऊ हे सगळं वाचून दाखवत होता. बाबांच्या लेखी अडगाव म्हणजे हिवरखेडच्या गाडीचा थांबा. लढाईचं ऐकून ते चकित झाले आणि मग दिवसभर भावाला एकेक गाव विचारत राहिले : इथं काय झालं, तिथं काय झालं.

पंचबोल पॉइंटवर सगळे आपापली नावं घेऊन ओरडतात. आईनं आधी भावाचं नाव हाक मारल्यासारखं घेतलं, मग माझं. दोघंही तिच्या शेजारीच उभे होतो.

*

मूर्तिजापूर, जुन्या नॅरोगेजच्या बाजूला. शकुंतला इथून दोन्हीकडे जायची, एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. आता गाडी बंद आहे. आईचं माहेर अचलपूरच्या वाटेवरचं. लग्न होऊन ती याच गाडीनं इथवर आली आणि मग मोठ्या गाडीनं अकोल्याला. कोळशाची किसपटं उडून शालूला बारीक भोकं पडली होती. तो शालू अजून आहे. घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडून दाखवला. पदराजवळ भोकं मोजली, सात.

हे स्थळ भावाच्या यादीत नव्हतं.

*

अमरावतीला एक दिवस. अंबादेवी, परकोटाचा जवाहर गेट, गिला वडा. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे. भाऊ म्हणाला, पुढच्या वेळी विमानानंच येऊ. बाबांनी लगेच विचारलं, विमानतळापर्यंत एसटी जाते का.

*

निघायच्या आदल्या रात्री बाबा टेबलाशी बसले होते. माझ्या वहीचं एक पान मागून घेतलं, त्यावर पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, कुठून, कुठे, किती माणसं, किती किलोमीटर, गाडी की एसटी. खाली बेरीज दोनदा तपासली. शेऱ्याच्या रकान्यात लोणारपुढे "आई धारेपर्यंत उतरली" असं लिहिलं. नरनाळ्यापुढे काही लिहिलं नाही, फक्त पावती चिकटवली.

मग पान उलटून मागच्या बाजूला राहिलेली ठिकाणं : मुक्तागिरी. सालबर्डी. कौंडण्यपूर. रिद्धपूर. रिद्धपूरखाली आईनं आतून ओरडून सांगितलं म्हणून एक ओळ वाढवली : जानेवारीत या, संत्री असतात.